ग्रील आणि गेटसाठी भरवशाचा वेल्डिंगवाला कसा निवडावा

खिडक्यांना ग्रील, कंपाउंडला गेट, जिन्याला कठडा किंवा गच्चीवर पत्र्याची शेड, यांपैकी एखादे काम निघाले की बहुतेक जण दोन-तीन वेल्डिंगवाल्यांना फोन लावतात, ‘किलोचा भाव काय’ एवढेच विचारतात आणि सर्वांत कमी आकडा सांगणाऱ्याला काम देऊन मोकळे होतात. या कामातली फसगत मात्र मापात आणि सांध्यात लपलेली असते, आणि रंगाचा हात फिरला की या दोन्ही गोष्टी दिसेनाशा होतात. त्यामुळे पुढील मजकुराचा मोठा भाग दोन प्रश्नांना दिला आहे: कोणता माल लागणार हे आधीच कागदावर कसे आणावे, आणि रंग लागण्यापूर्वी काम कसे पाहून घ्यावे.

माणूस कुठे शोधावा

इंटरनेटवरची तारांकित शिफारस या धंद्यात फारशी उपयोगाची नाही, कारण ती बहुधा काम संपल्याच्या आठवड्यात लिहिलेली असते आणि ग्रीलचा खरा कस दोन पावसाळे गेल्यावर लागतो. त्यापेक्षा आपल्याच गल्लीत फिरून चार-पाच वर्षांपूर्वी बसवलेली गेटे पाहावीत. ज्या गेटाचे दोन्ही पाळे (झडपा) अजून एका रेषेत मिटतात, ज्याची कडी न उचलता लागते आणि ज्याच्या तळाच्या सांध्यांवरून गंजाचे ओघळ उतरलेले नाहीत, त्या घराची बेल वाजवून ‘हे काम कोणी केले’ असे विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही. लोक आनंदाने सांगतात आणि तक्रार असेल तर ती अधिकच तपशिलाने सांगतात.

दुसरा चांगला खबरी म्हणजे लोखंडाचा किंवा हार्डवेअरचा दुकानदार. कोण नेहमी पूर्ण जाडीचा माल उचलतो, कोण हलका पाइप मागतो आणि कोणाची उधारी थकलेली असते, हे त्याला ठाऊक असते. जवळ शासकीय आयटीआय असेल तर तिथल्या वेल्डर ट्रेडच्या निदेशकांना विचारावे. हा ट्रेड एक वर्षाचा असून त्याला आठवी उत्तीर्ण विद्यार्थीही प्रवेश घेऊ शकतात, आणि त्यातून बाहेर पडलेल्या अनेक मुलांनी आपापल्या गावात छोटी वर्कशॉप काढलेली असतात. प्रमाणपत्र हाती आहे म्हणून हात चांगला असेलच असे नाही. पण वेल्डिंगच्या करंटपासून रॉडच्या निवडीपर्यंतचे प्रश्न अशा माणसाला विचारता येतात आणि उत्तरे सरळ मिळतात.

अंतराचाही विचार करावा. भोसरी, सातपूर, शिरोली यांसारख्या औद्योगिक वसाहतींतली मोठी फॅब्रिकेशन युनिट कारखान्यांच्या कामासाठी उत्तम असतात; परंतु तीन खिडक्यांच्या ग्रीलचे काम त्यांच्या लेखी किरकोळ असते आणि वर्षभराने बिजागरी कुरकुरू लागली तर तिथून माणूस येईलच याची खात्री नसते. घरगुती कामासाठी तीन-चार किलोमीटरच्या आतले, स्वतः मालक हातात वेल्डिंगचा होल्डर धरतो असे लहान वर्कशॉप मला अधिक भरवशाचे वाटते.

वर्कशॉपमध्ये गेल्यावर

फोनवर काही ठरवू नये. एकदा तरी वर्कशॉपमध्ये जावे, आणि तेही काम चालू असताना. दारात अर्धवट तयार असलेले एखादे गेट उभे असतेच. त्याचा दर्शनी भाग बाजूला ठेवून जिथे हात अडचणीने पोहोचतो असा सांधा शोधावा: खालच्या पट्टीच्या आतल्या कोपऱ्यात, बिजागरीच्या मागे, उभ्या सळईची फ्रेमला टेकणारी मागची बाजू. चांगल्या वेल्डवर माशाच्या खवल्यांप्रमाणे एकसारख्या, एकावर एक सरकलेल्या लाटा दिसतात आणि वेल्डची कड मूळ लोखंडात सलग मिसळलेली असते. कडेने खाच पडली असेल, म्हणजे लोखंड वितळून गेले पण भरले गेले नाही अशी रेष दिसत असेल, तर करंट जास्त होता किंवा हात घाईचा होता. वेल्ड लोखंडावर गोळ्यासारखा नुसता बसला असेल तर करंट कमी पडला आणि धातू आत शिरलाच नाही. असा सांधा दिसायला भरीव असला तरी जोराच्या धक्क्याने निघतो.

रॉडचे पुडे कुठे ठेवले आहेत तेही पाहावे. घरगुती कामात सर्रास वापरला जाणारा ६०१३ प्रकारचा रॉड हाताळायला सोपा असतो. पण त्याच्या आवरणाला ओल लागली की वेल्डमध्ये टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडू लागतात. फाटका पुडा पावसाळ्यात जमिनीवर उघडा टाकणारा कारागीर आणि रॉड झाकणाच्या डब्यात ठेवणारा कारागीर यांच्या कामात फरक असतोच. ७०१८ प्रकारचा रॉड जास्त ताकदीच्या, भार पेलणाऱ्या कामासाठी असतो आणि तो वापरण्यापूर्वी भट्टीत तापवून कोरडा करावा लागतो. ‘आम्ही सगळीकडे सत्तर-अठराच वापरतो’ असे सांगणाऱ्याकडे रॉड तापवण्याची सोयच नसेल, तर ते बोलणे मनावर घेऊ नये.

कोणत्या कामाला कोणती पद्धत वापरणार हा प्रश्न जरूर विचारावा. सळई, अँगल आणि जाड पट्टी यांना नेहमीचे रॉडचे वेल्डिंग पुरते. पातळ चौकोनी पाइपला, विशेषतः भिंतीची जाडी सव्वा मिलिमीटरच्या आत असेल तर, रॉडने भोके पडण्याची शक्यता फार असते. तिथे अडीच मिलिमीटरचा बारीक रॉड आणि सरावलेला हात हवा, किंवा वायर फीडचे मिग मशीन. स्टेनलेस स्टीलच्या कठड्याला आर्गॉन वायूचे टिग वेल्डिंग चांगले. याबाबत कारागीर स्वतःहून ‘हे काम माझ्याकडे होणार नाही, अमक्याकडे जा’ असे म्हणाला, तर त्याचा नंबर जपून ठेवावा. उरलेली कामे त्यालाच द्यावीत.

किलोवर, फुटावर की उक्ते

भाव तीन प्रकारे सांगितला जातो आणि प्रत्येक प्रकारात कारागिराचा कल वेगळ्या दिशेला झुकतो. किलोवर काम दिले तर वजन वाढवण्यात त्याचा फायदा असतो, म्हणून जिथे दहा मिलिमीटरची सळई पुरली असती तिथे बारा येते आणि नक्षीचे वळसे वाढतात. चौरस फुटावर दिले तर वजन घटवण्यात त्याचा फायदा असतो आणि माल हळूच हलका होतो. उक्ते काम दिले तर काय काय धरले आहे यावरून शेवटी वाद होतो: वाहतूक, बसवणे, फास्टनर (भिंतीत ठोकायचे बोल्ट), भिंत फोडून पुन्हा गिलावा करणे, रंग. यातला कोणताही प्रकार मुळात वाईट नाही. मात्र सोबत मालाचा आकार आणि जाडी लिहिलेली नसेल, तर तिन्ही सारखेच धोक्याचे आहेत.

वजनाचा अंदाज घरबसल्या काढता येतो आणि तो काढणारे गिऱ्हाईक समोर आहे हे कळले की बोलणी निम्म्या वेळात उरकतात. चौकोनी सळईची बाजू मिलिमीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करावा आणि त्याला ०.००७८५ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे एका मीटरचे किलोतले वजन. पट्टीसाठी रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार घेऊन तसेच करावे. गोल सळईसाठी व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागावे. पत्र्याच्या दर मिलिमीटर जाडीमागे एका चौरस मीटरचे वजन ७.८५ किलो भरते.

पाच फूट रुंद आणि चार फूट उंच खिडकीचे साधे ग्रील घेऊ. बाहेरची चौकट २५ बाय ५ मिलिमीटरच्या पट्टीची, मधे त्याच पट्टीचे दोन उभे आधार आणि चार-चार इंचांवर अकरा आडव्या चौकोनी सळया. चौकटीला १८ फूट आणि आधारांना ८ फूट पट्टी लागते, तिचे वजन पावणेआठ किलोच्या आसपास होते. सळई ५५ फूट, म्हणजे सुमारे पावणेसतरा मीटर लागते. ती बारा मिलिमीटरची असेल तर जवळपास १९ किलो आणि दहा मिलिमीटरची असेल तर १३ किलोहून किंचित अधिक. म्हणजे एकाच मापाचे, लांबून एकसारखेच दिसणारे ग्रील एकदा पावणेसत्तावीस किलोचे होते आणि एकदा एकवीस किलोचे. फुटावर भाव ठरवून सळईचे माप न लिहिणाऱ्याच्या खिशातून दर खिडकीमागे हे सहा किलो जातात. उलट, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला मुळात बारा मिलिमीटरची सळई हवीच कशाला, हा प्रश्न किलोवर काम देणाऱ्याने स्वतःला विचारावा.

गेटाच्या पत्र्यातही असेच होते. अठरा गेजचा पत्रा सुमारे १.२ मिलिमीटर जाड असतो आणि वीस गेजचा ०.९ मिलिमीटर. दहा फूट रुंद आणि पाच फूट उंच गेटाला एका बाजूने पत्रा लावला तर या दोन गेजांमुळे वजनात सुमारे अकरा किलोंचा फरक पडतो. आणि वीस गेजच्या पत्र्यावर मुलांचा चेंडू बसला की पोचा पडतो तो कायमचाच.

मापे मिलिमीटरमध्येच लिहून घ्यावीत, याचे एक खास कारण आहे. वर्कशॉपमध्ये बोलणे अजूनही सुतात चालते. एका इंचाचे आठ सूत. ‘चार सूत बार’ म्हणजे हिशेबाने १२.७ मिलिमीटर, बाजारात मात्र त्या नावाखाली बारा मिलिमीटरची सळई मिळते आणि मीटरमागे वजन जवळपास ११ टक्क्यांनी कमी भरते. यात कारागिराची लबाडी असतेच असे नाही, ती बोलण्याची रीत आहे. पण हिशेब करताना सुताचे माप धरले तर आपला आकडा चुकतो.

कागदावर काय यावे

एक साधे पान पुरते. त्यावर हाताने काढलेली आकृती, बाहेरची मापे, प्रत्येक घटकाचा आकार आणि जाडी, सांध्यांची पद्धत, प्रायमर आणि रंगाचे हात, बसवण्याची पद्धत, बिजागऱ्या आणि कडी-कोयंड्याचा प्रकार, वाहतूक कोणाची, काम केव्हा पुरे होणार आणि पैसे कसे द्यायचे, एवढे यावे आणि खाली दोघांच्या सह्या व्हाव्यात. मापे कारागिराने स्वतः येऊन घ्यावीत. भिंतीतली खिडकीची पोकळी क्वचितच काटकोनात असते, म्हणून रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीनदा मोजून सर्वांत लहान माप धरावे लागते. आपण सांगितलेल्या मापावर बनवलेले ग्रील बसले नाही तर दोष आपल्यावर येतो.

कापणीतून उरलेल्या तुकड्यांचे काय, हेही आधी बोलून घ्यावे. पाइप आणि पट्ट्या बहुधा वीस फुटी लांबीत येतात. सात फुटी तुकडे हवे असतील तर एका नगातून दोनच निघतात आणि सहा फूट उरतात. साडेसहा फुटांवर निभावत असेल तर तीन निघतात. चांगला कारागीर अशी सूचना आकृती पाहतानाच करतो. माल आपण विकत आणून फक्त मजुरी देणार असाल तर उरलेले तुकडे आपले. पण त्यांचा घरात उपयोग नसतो, तेव्हा ते त्याला देऊन मजुरीत थोडी सूट मागणे व्यवहाराला धरून होईल.

‘सर्व सांधे पूर्ण वेल्ड’ असे सरसकट लिहून घेण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मला अर्धाच पटतो. फ्रेमचे कोपरे, बिजागऱ्या, कठड्याचे खांब आणि भिंतीत जाणारे पाय हे सांधे चारही बाजूंनी भरलेलेच हवेत. परंतु पातळ पत्रा फ्रेमला जोडताना सलग वेल्ड मारला तर उष्णतेने पत्रा लाटांसारखा वर-खाली होतो, म्हणून तिथे तीन-चार इंचांवर एक-एक इंचाचे तुकड्यातुकड्यांचे वेल्डिंग करणेच योग्य. कुठे सलग आणि कुठे तुटक, हे आकृतीवर खूण करून लिहावे.

ग्रीलची आखणी करताना आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मार्ग विसरू नये. प्रत्येक खोलीत नसले तरी निदान रस्त्याच्या बाजूच्या एका खिडकीच्या ग्रीलमध्ये बिजागरीवर उघडणारा, माणूस बाहेर पडू शकेल एवढा भाग ठेवावा आणि त्याच्या कुलपाची किल्ली हाताशी पण बाहेरून पोहोचणार नाही अशा जागी असावी. कठड्यात आडव्या सळया देणे सध्या फॅशनमध्ये आहे; लहान मूल असलेल्या घरात त्या शिडीचे काम करतात, तेव्हा उभ्या सळया घ्याव्यात आणि त्यांच्यातली फट शंभर मिलिमीटरच्या आत ठेवावी. इमारत सहकारी गृहनिर्माण संस्थेची असेल तर बाहेर आलेले ग्रील किंवा शेड यासाठी संस्थेची लेखी परवानगी आधी घ्यावी, म्हणजे तयार काम उतरवण्याची वेळ येणार नाही.

रंगाआधीची पाहणी

करारात एक ओळ ठळकपणे लिहावी: गिऱ्हाइकाने पाहिल्याशिवाय प्रायमर लावायचा नाही. या ओळीला जो कारागीर कुरकुर करतो त्याला काम देऊ नये. काही वर्कशॉपमध्ये सांध्याला दोन टाके मारून मधली फट लांबीने (पुट्टीने) भरतात आणि वरून रेड ऑक्साइडचा प्रायमर फिरवतात. त्यानंतर तो सांधा हाताला गुळगुळीत लागतो, डोळ्यांना सुरेख दिसतो आणि पहिल्या पावसाळ्यात फट पडून आतून गंजाचे पाणी ओघळू लागते.

पाहणीला जाताना जाडी मोजण्याचे व्हर्निअर कॅलिपर, मोजपट्टी, विजेरी आणि एक लहान लोहचुंबक न्यावे. साधे कॅलिपर काही फार महाग नसते. पाइपची जाडी कापलेल्या तोंडाशी मोजावी. मात्र कापताना तयार झालेली कड दुमडून जाड भासते, ती कानसीने घासून मगच मोजावे. वेल्डवरची काळी खपली छिन्नी-हातोड्याने उडवून घ्यावी, कारण खपलीखालीच छिद्रे आणि तुटक जागा दडलेल्या असतात. विजेरी तिरपी धरली की खाचा उठून दिसतात. काम आधीच रंगवलेले असेल तर लोहचुंबक सांध्यावरून सावकाश फिरवावे. जिथे लांबीचा जाड थर असतो तिथे त्याची पकड ढिली पडते. हा उपाय ढोबळ आहे, पण संशयाची जागा दाखवतो आणि मग तेवढीच जागा खरवडून पाहता येते.

चौकट काटकोनात आहे का, हे गुण्याने (काटकोनी पट्टीने) पाहण्यापेक्षा कर्ण मोजून पाहणे सोपे असते. सहा फूट रुंद आणि पाच फूट उंच पाळ्याचे दोन्ही कर्ण सात फूट पावणेदहा इंचांच्या आसपास यावेत. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, दोन्ही सारखे असणे महत्त्वाचे. तीन-चार मिलिमीटरचा फरक चालतो. दहा मिलिमीटर असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने चौकट ओढली गेली आहे आणि पाळा खांबाशी घासणार. त्याच वेळी चौकोनी पाइपची उघडी तोंडे टोपी वेल्ड करून बंद केली आहेत का ते पाहावे. उघड्या तोंडातून आत गेलेले पाणी बाहेर पडत नाही, आणि मग गेट आतून कुजते. बाहेरचा रंग मात्र शाबूत राहतो.

वजनाचा काटाही याच टप्प्यावर व्हावा, रंग आणि फास्टनर चढण्यापूर्वी आणि आपल्यासमोर. आपण काढलेल्या अंदाजापेक्षा दोन-तीन टक्के इकडेतिकडे होणे स्वाभाविक आहे.

सगळे मनासारखे असेल तर त्याच दिवशी घासून, पुसून प्रायमरचा पहिला हात द्यायला सांगावे. पावसाळी हवेत उघडे लोखंड एका रात्रीत तांबूस होते आणि त्या तांबूस थरावर मारलेला रंग फार टिकत नाही. गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड केला असेल तर सांध्याजवळचा जस्ताचा थर जळून गेलेला असतो; तेवढ्या जागेवर झिंक-रिच, म्हणजे भरपूर जस्त असलेला, प्रायमर लावणे करारात यायला हवे. जस्ताच्या धुराने कारागिराला ताप आणि थंडी भरते, म्हणून असे काम बंद खोलीत करू देऊ नये.

बसवण्याच्या दिवशी

बसवताना घरात ठिणग्या उडतात आणि याच टप्प्यावर लोक सर्वाधिक बेफिकीर असतात. ठिणगी दहा-अकरा मीटरपर्यंत जाऊ शकते, म्हणून पडदे, गाद्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर दूर हलवावा, खाली उभी गाडी काढावी आणि पाण्याची बादली हाताशी ठेवावी. काम थांबल्यावरही अर्धा तास कोणीतरी तिथे थांबावे. गादीत शिरलेली ठिणगी लगेच पेटत नाही.

ग्राइंडरकडे विशेष लक्ष द्यावे. त्याच्या ठिणग्या खिडकीच्या काचेवर आणि ग्रॅनाइटवर आदळून रुततात. त्या दिवशी काही दिसत नाही, पण आठवड्याभरात बारीक तपकिरी ठिपके उमटतात आणि काच धुऊन ते जात नाहीत. काच आणि फरशी ओल्या गोणपाटाने किंवा जाड पुठ्ठ्याने झाकून घेतल्याशिवाय ग्राइंडर सुरू होऊ देऊ नये.

विजेच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्यात. मशीनची अर्थिंगची क्लिप वेल्ड होत असलेल्या लोखंडालाच, सांध्याजवळ लावलेली असावी. पाण्याच्या किंवा गॅसच्या पाइपला ती अडकवणे धोकादायक आहे. जोडलेल्या, टेप गुंडाळलेल्या वायरवर मशीन चालवू देऊ नये आणि पाऊस असेल तर बाहेरचे काम थांबवावे. घरातल्या मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवावे. आर्कच्या उजेडाकडे काही क्षण पाहिले तरी चार-सहा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, आणि ती बहुधा मध्यरात्री सुरू होते. परांचीवर चढणाऱ्याला सेफ्टी बेल्ट असावा. नसेल तर त्या दिवशी काम करू न देणे हे गिऱ्हाइकाचेही कर्तव्य आहे.

शेड आणि समुद्रकिनारा

पत्र्याच्या शेडला वेल्डिंगइतकेच महत्त्व तिला खाली धरून ठेवणाऱ्या बोल्टांना आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा गावेच्या गावे पत्र्यांविना राहिली. भारतीय मानकात इमारतींच्या रचनेसाठी वाऱ्याचा मूळ वेग मुंबईकरिता सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्याकरिता ३९ मीटर धरला आहे. पहिला वेग ताशी सुमारे १५८ किलोमीटर होतो. गच्चीवरची शेड वाऱ्याने खाली दबण्यापेक्षा वर उचलली जाण्याचा धोका मोठा असतो. म्हणून खांबांच्या पायाच्या प्लेटा, त्यांचे अँकर बोल्ट आणि पत्र्याचे हुक यांचा तपशील लिहून घ्यावा, आणि शेड एखाद्या खोलीपेक्षा मोठी असेल तर वेल्डिंगवाल्याच्या अंदाजावर न विसंबता स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आराखडा घ्यावा. त्याची फी पत्र्याच्या खर्चापुढे किरकोळ असते.

कोकणात, गोव्यात आणि मुंबईच्या किनारी भागात कठड्यासाठी स्टेनलेस स्टील घेताना प्रतवारी लिहूनच घ्यावी. ३०४ प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ प्रतीत निकेल कमी आणि मँगेनीज जास्त असल्याने ती स्वस्त पडते आणि खाऱ्या हवेत लवकर डागाळते. अगदी समुद्रासमोर मॉलिब्डेनम असलेली ३१६ प्रत अधिक टिकते. लोहचुंबकाने ३०४ आणि २०२ यांतला फरक कळत नाही, जरी दुकानात तसे छातीठोकपणे सांगितले जाते. प्रत तपासण्याचे रासायनिक थेंब बाजारात मिळतात. ते वर्कशॉपमध्येच, पाइप कापण्यापूर्वी वापरून पाहावेत.

पैसे आणि पावती

आगाऊ रक्कम मालाच्या किमतीएवढी असावी, एकूण रकमेच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. दुसरा हप्ता रंगाआधीची पाहणी आणि वजन झाल्यावर द्यावा, आणि दहा-पंधरा टक्के बसवून झाल्यानंतर आठवड्याने, गेट रोज उघडून-मिटून पाहिल्यावर. रोख देत असाल तर त्याच पानावर तारखेसह सही घ्यावी. मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीच्या शेडच्या कामांमुळे आणि दिवाळीच्या आधी रंगरंगोटीमुळे या लोकांना उसंत नसते; तेव्हा दिलेल्या तारखा पाळल्या जात नाहीत. घाई नसेल तर जानेवारी-फेब्रुवारीत काम काढावे.

लहान कारागिराकडे जीएसटी क्रमांक नसणे यात काही गैर नाही, कारण सेवांसाठी वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नसते. मात्र बिलात १८ टक्के कर लावला असेल तर १५ अंकी-अक्षरी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासावा. महाराष्ट्रातल्या नोंदणीची सुरुवात २७ ने आणि गोव्यातल्या नोंदणीची ३० ने होते. क्रमांक न देता कर मागणाऱ्याला तो देऊ नये.

काम बिघडले आणि कारागीर फोन उचलेनासा झाला, तर आधी लेखी कळवावे आणि फोटो जोडावेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. तिथे टिकतो तो सह्यांचा कागद, वजनाची पावती आणि रंगाआधी काढलेले सांध्यांचे फोटो; म्हणून पाहणीच्या दिवशी प्रत्येक कोपऱ्याचा एक फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, काढून ठेवावा.

पहिला पावसाळा संपला की बिजागऱ्यांना ग्रीस घालावे आणि खांबांचे पाय, खालची पट्टी आणि सांध्यांच्या मागच्या बाजू पाहाव्यात. तांबूस ठिपका दिसला तर तेवढाच पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासून त्याच दिवशी प्रायमर आणि रंग लावावा. रंगाचा शेड क्रमांक करारावर लिहून ठेवलेला असेल तर ठिगळ दिसत नाही.